उरलेला धागा फेकून द्यायचा

एकावन्नाव्या वर्षी मी कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. कृषी उत्पादनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होता. शनिवार-रविवार वर्ग, आणि मधल्या वारी पिकाच्या सोयीने प्रात्यक्षिकं. त्याआधी बावीस वर्षं मी मंठ्याच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर बसत होतो. कापसाची गाडी भरलेली तोलायची, रिकामी तोलायची, वजाबाकी चिठ्ठीवर लिहायची. पुढे काटा संगणकाला जोडला आणि माझी वजाबाकी लागेनाशी झाली. वाटूरजवळच्या गावात वाटणीत आलेली पावणेतीन एकर जमीन आजवर बटईने दिलेली होती. ती आता आपण करावी असं ठरवलं. पण शेतीतलं मला वजनाशिवाय काही येत नव्हतं. म्हणून कॉलेज.

बायको म्हणाली, "पोरीचं कॉलेज संपलं अन् तुमचं सुरू झालं. डबा माझ्या नशिबातून काही जात न्हाई."

कॉलेज म्हणजे एका शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. वर्गात आम्ही तेरा जण. नऊ जण विशी-पंचविशीतली मुलं, दोघे चाळिशीचे, एक मी आणि एक ताई. ताई म्हणजे तिशी ओलांडलेली, वर्गातली एकटी बाई. तिचा नवरा पुण्याकडे कारखान्यात होता. घरची शेती धाकटा दीर बघायचा. शेतात दहा गुंठ्यांचं शेडनेट होतं, म्हणजे लोखंडी पाइपांवर ताणलेल्या हिरव्या जाळीचं घर. दिराने त्यात दोन वर्षं काकडी केली आणि कंटाळून सोडून दिली होती. ताईने ते एका हंगामासाठी मागून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी सरांनी सगळ्यांना ओळख करून द्यायला लावली. मुलांनी नाव, गाव, एकर सांगितले. ताईने सरळ अट सांगितली. "मी मिरचीचं बियाणं करून राह्यले, कंपनीसाठी. दीर म्हनले, कंपनीच्या चाचणीत बियाण्याचा लॉट पास झाला तर नेट तुमचं, मी पाय ठेवनार न्हाई. फेल झाला तर जूनमध्ये पाइप उपटून मोसंबी. कंपनीवाले बी म्हनले, पास झाला तर पुढल्या वर्षी बियाणं माझ्या नावानं देतील. सध्या कागद दिराच्या नावानं हाय. म्हनून शिकायला आले."

मला तिचं बोलणं आवडलं. त्यात कुठे अंदाज नव्हता.

संकरित बियाण्याचं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या जिल्ह्यात ते गावोगाव चालतं, पण जाळीच्या आत चालतं, रस्त्यावरून दिसत नाही. एका वाणाची झाडं आई म्हणून लावायची, दुसऱ्या वाणाची थोडी झाडं बाप म्हणून वेगळी लावायची. आईच्या झाडावरची कळी उमलायच्या आधी चिमट्याने उघडायची, पाकळ्या आणि आतले नराचे भाग काढून टाकायचे, आणि बापाच्या फुलाचा पराग त्या उघड्या टोकाला लावायचा. पराग एका बारीक वाटीत असतो. ती वाटी अंगठीसारखी बोटात घालतात. लावून झालं की फुलाच्या देठाला एक धागा सैल बांधायचा. धागा म्हणजे खूण. पुढे मिरची लाल झाली की धागा असलेलीच तोडायची. बिनधाग्याची मिरची म्हणजे झाडाने आपली आपण धरलेली, तिचं बी आईसारखंच निघणार. ते संकरित म्हणून चालत नाही.

कॉलेजचं स्वतःचं शेडनेट वावटळीत फाटलं होतं. म्हणून सरांनी ठरवलं की आमचं प्रात्यक्षिक ताईच्या नेटमध्ये करायचं. दहा दिवस, बारा जण. तिलाही बरं वाटलं. ऐन गर्दीच्या दिवसांत बारा माणसं फुकट मिळत होती.

नेटमध्ये सोळाशे झाडं. प्रत्येकावर चाळीस फळं धरायची, म्हणजे चौसष्ट हजार फुलं हाताने करायची. पुस्तकात हा आकडा एका ओळीत मावतो. नेटमध्ये पहिल्या सकाळी मी शंभर धाग्यांची एक जुडी घेऊन बसलो. शेजारच्या ओळीत मजूर बायका होत्या. त्यांची मुकादम पन्नाशीची होती, सगळे तिला खाला म्हणत. माझा चिमटा बघून ती हसली.

"भाऊ, फूल है ये, कांदा न्हाई. हल्लू पकडो."

"किती होतात तुमची दिवसाला?"

"मोजते कोन? दिवस संपला की कमर सांगती."

माझी त्या दिवशी चौऱ्याण्णव झाली. खालाच्या बायका हजाराच्या पुढे जात असाव्यात. आमच्यातल्या एका मुलाने माझ्या वहीत डोकावून बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका नर्व्हस नाइंटीत आउट." पुढे बरेच दिवस मला त्यावरून चिडवत होते. मला त्याचं काही नव्हतं. मला अडचण दुसरीच होती. वहीत मी प्रत्येक फुलाला एक रेघ ओढत होतो. रेघा अठ्ठ्याण्णव होत्या. धागे शंभरातले सहा उरले होते. म्हणजे बांधलेले चौऱ्याण्णव. चार फुलं मी केली होती, पण धागा बांधायला विसरलो होतो.

मी खालाला विचारलं, अशा वेळी काय करतात.

"काय करायचं? उरलेला धागा फेकून द्यायचा. बिनधाग्याचं फूल दिसलं तर खुडून टाकायचं. बस."

"पण ते फूल केलेलं आहे की."

"ते तुला मालूम. झाडाला न्हाई मालूम, मला न्हाई मालूम."

हे मला पटलं नाही. केलेलं काम वाया घालवायचं, तेही मोजलेलं असताना! बावीस वर्षं मी भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचा फरक काढत आलो होतो. आकडा जुळत नसेल तर माल कुठेतरी असतो, हे मला माहीत होतं. मी वही बंद करून पुन्हा ओळीत गेलो. पानाखाली बघत गेलो तर पाकळ्या नसलेली, धागा नसलेली चार फुलं मला खरोखर मिळाली. मी त्यांना चार धागे बांधले. उरले दोन. शंभरात अठ्ठ्याण्णव, वहीत अठ्ठ्याण्णव. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ही रीत सरांना सांगितली. सकाळी प्रत्येकाला मोजून धागे द्यायचे, वहीत रेघा ओढायच्या, संध्याकाळी उरलेले धागे आणि रेघा यांचा मेळ घालायचा, जुळत नसेल तर ओळीत परत जाऊन राहिलेली फुलं शोधायची. सरांना ती फार आवडली. त्यांनाही आमचे गुण कशावर द्यायचे हा प्रश्न होताच.

"काका, हे तर रेकॉर्डच झालं," ते म्हणाले. आमच्या बॅचसाठी त्यांनी वेगळा हिरवा धागा ठरवला. मजुरांचा पांढरा. मेळ बसल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही, असा नियम केला.

त्यानंतरचे नऊ दिवस संध्याकाळी पाच वाजता बारा जण हातात उरलेले धागे घेऊन ओळीत वाकलेले असायचे. मुलांना शेवटची गाडी पकडायची घाई. "काका, तुमच्यामुळं माझी गाडी गेली तर तुमच्या घरी मुक्कामाला येतो." "अरे जल्दी बांध अन् चल." खाला जाताजाता बघायची आणि मान हलवायची. एकदा म्हणाली, "धागा उरला तो उरने दो ना भाऊ. त्याला काय घरी लेकरं हाय काय वाट बघत?"

सगळे हसले. मीही हसलो.

ताईही त्या वेळी तिथेच उभी होती. माझी वही हातात घेऊन पानं उलटत म्हणाली, "काका, तुमच्यासारखं मला लिहिता आलं पायजे."

बीजोत्पादनाचा धडा वर्गात डिसेंबरमध्ये आला. फुलं कॉलेजच्या वेळापत्रकासाठी थांबत नाहीत, म्हणून प्रात्यक्षिक आधी झालं होतं आणि धडा नंतर. सरांनी फळ्यावर दोन आकृत्या काढल्या. डावीकडे हाताने केलेलं फूल, दोन दिवसांनंतर. उजवीकडे आपोआप फळ धरलेलं फूल, दोन दिवसांनंतर. डावीकडच्याच्या पाकळ्या माणसाने काढलेल्या. उजवीकडच्याच्या आपोआप गळलेल्या. दोन्हीकडे देठ, त्यावर हिरवं बटण, त्यावर सुकलेलं टोक.

"फरक काय?" सरांनी विचारलं.

सरांनी दोन्ही आकृत्यांवर खडू आपटला.

"फरक दिसत नाही. हाच मुद्दा आहे. म्हणून धागा त्याच क्षणी बांधायचा. नंतर नाही. बिनधाग्याचं फूल कितीही आपलं वाटलं तरी खुडायचं."

ते फळ्याकडे तोंड करून पुढचं लिहायला लागले. मी त्या दोन आकृत्या वहीत काढल्या. काढताना मला पहिल्या संध्याकाळची चार फुलं आठवली. पानाखालची, पाकळ्या नसलेली. मी विसरलेली चार फुलं त्यांच्यात असतीलही. नसतीलही. पानाखाली लपलेलं एखादं फूल सगळ्यांच्या नजरेतून सुटून आपलं आपण उमलतं आणि गळतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला चार हवी होती आणि चार मिळाली होती. पाच हवी असती तर पाच मिळाली असती.

वर्ग सुटल्यावर मी सरांना जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. ते कठड्याला टेकले. तरुण माणूस होता, मला त्याचा राग आला नाही.

"किती असतील, काका?"

"माझी एकतीस. दहा दिवसांची. मी रोज किती जुळवली ते लिहून ठेवलंय. बाकीच्यांचं कुणी लिहिलं नाही."

"एकतीसनं काही होत नाही हो. कसलेल्या बायकांच्या हातूनसुद्धा शंभरात एक सुटतंच. कंपनी दोनपर्यंत चालवून घेते."

"पण बारा जण होते."

"आता मूल्यमापन होऊन गेलंय," ते म्हणाले. मग स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटल्यासारखे थांबले. "ताईला सांगायचं का ते तुम्ही बघा. मला काही सुचत नाही."

मी तीन दिवस आकडेमोड केली. मुलांना एकेकाला फोन करून विचारलं. पहिला म्हणाला, "दोन-चार असतील, काका." दुसरा म्हणाला, "आठवत न्हाई बिलकुल." तिसरा हसायला लागला. "मी तर उरलेले धागे खिशात घालून घरी नेत व्हतो. आईनं त्याचा गोंडा केला." या एकट्याने खालाचा नियम पाळला होता, तोही चोरी करून. बाकीच्यांकडून आकडा मिळाला नाही. मग जो एकच आकडा माझ्या हातात होता तो मी धरला. एकतीस गुणिले बारा, तीनशे बहात्तर. चौसष्ट हजारांत तीनशे बहात्तर म्हणजे शंभराला अर्ध्याहून थोडं जास्त. त्यात मजुरांचं एक मिळवलं तर दीडच्या थोडं पुढे. दोनच्या आत.

हा हिशोब घेऊन मी ताईच्या शेतावर गेलो. नेटमध्ये मिरची लाल व्हायला लागली होती. खालच्या फांद्यांवर हिरवे आणि पांढरे धागे मिसळून दिसत होते. ताई पालथ्या बादलीवर बसून रोगट फळं निवडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. माझं झाल्यावर तिने विचारलं, "खालाला मालूम व्हतं?"

"ती पहिल्या दिवसापासून फेकून द्या म्हणत होती."

"मी बी ऐकत व्हते की. मला वाटलं, अडाणी बाई हाय." तिने हातातली मिरची टोपलीत टाकली. "मंग आता वळखू येतंय का, कोनतं खरं कोनतं खोटं?"

"नाही. कापूनही नाही, बी हातात घेऊनही नाही. ते लावून उगवून मोठं झाल्यावरच कळतं."

"हिरवे सगळे तोडून टाकले तर?"

तो हिशोबही मी केला होता. हिरवे धागे अठरा हजार. सरांच्या मते सत्तावीसशे फळांमागे एक किलो बी. सगळं धरून तेवीस किलो आणि वर थोडं, त्यातला एक किलो निवडण्या-वाळवण्यात जाणार. हिरवे काढले तर मुळातच सतरा किलो. आणि कंपनीच्या माणसाने तिला सांगितलेलं होतं, बावीसच्या खाली आला तर पुढच्या वर्षाचं मी काही बोलू शकत नाही.

"म्हंजी तोडले तरी गेलं, न्हाई तोडले तरी."

"न तोडता दोनच्या आत राहील असं माझं गणित येतं. माझ्या ओळी तेवढ्या तोडून टाका. दीड हजार फळं जातील."

"तुमच्या कशाला?" ती एकदम चिडून म्हणाली. "तुमच्या ओळीतले एकतीस तर वहीत हायेत. ज्यांचं लिहिलेलं न्हाई त्याचं काय करू ते सांगा."

ती माझ्याकडे बघत होती. नुसतं बघत नव्हती, वाट बघत होती. वर्गात सगळ्यांत जास्त आकडे मला यायचे.

"ठेवा," मी म्हणालो. "बहुतेक पास होईल."

बहुतेक हा शब्द मी काट्यावर बावीस वर्षांत एकदाही वापरला नव्हता.

जानेवारी-फेब्रुवारीत तोडणी झाली. बायकांनी मिरच्या फोडून बी काढलं, सावलीत वाळवलं, ताईने सुपात घोळून निवडलं. मी दोनदा मदतीला गेलो. एकदा तळहातावर चिमूटभर बी घेऊन उन्हाकडे धरलं. पिवळसर, चपटं, सगळं एकसारखं. खाला बघत होती. "क्या देखते भाऊ? बी बोलत न्हाई."

बी भरलं बावीस किलो चारशे ग्रॅम. कंपनीच्या गाडीत ते गेलं. त्याच्यातला नमुना काढून कंपनी आपल्या शेतात लावते आणि झाडं मोठी झाली की किती अस्सल निघाली ते मोजते. त्याला महिने लागतात. त्या महिन्यांत आमची परीक्षा झाली. मी शेतात हळद करायची की सोयाबीन, याचे तक्ते केले. बायको एकदा म्हणाली, "जेवताना तरी बोटं मोजू नका." माझ्या लक्षात आलं नव्हतं. ताटाच्या कडेला मी अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होतो. बारा जण, दहा दिवस.

मेच्या मध्यावर ताईचा फोन आला. कंपनीने चाचणीचं शेत बघायला बोलावलं होतं, राजूरच्या रस्त्यावर. ती आणि दीर जाणार होते. "तुम्ही बी या," ती म्हणाली. जालन्याच्या स्टँडवर आम्ही भेटलो. दीर पस्तिशीच्या आतबाहेरचा, पांढरा शर्ट, कमी बोलणारा. ताईने डब्यात पेढे घेतले होते. "पास झालो तर तसंच पुढं राजूरला जाऊ गणपतीला," ती म्हणाली. दीर म्हणाला, "आधी बघू तर द्या, वहिनी."

शेतात लहान-लहान पट्टे होते, प्रत्येकाच्या तोंडाशी लॉट नंबरची पाटी. ताईच्या लॉटची चारशे रोपं. संकरित मिरची लांब, खाली लोंबलेली. आईच्या वाणाची आखूड आणि वर तोंड करून. फरक लांबूनही दिसत होता. जिथे तसं झाड होतं तिथे काठी रोवून तिला लाल फीत बांधली होती. आठ काठ्यांपर्यंत चालणार होतं.

मी पट्ट्याच्या या टोकापासून मोजत गेलो. तेरा. परत उलट्या बाजूने मोजत आलो. तेरा. एक काठी शेजारच्या पट्ट्याची असेल म्हणून वाकून बघितलं, ती आमचीच होती. तिसऱ्यांदा प्रत्येक काठीजवळ थांबून झाडाकडे बघितलं, एखादं झाड संकरितच असेल आणि फीत चुकून बांधली असेल म्हणून. सगळ्या झाडांच्या मिरच्या वर तोंड करून होत्या.

"काका, या आता बाहेर," ताई बांधावरून म्हणाली. "तुम्ही मोजून राह्यले म्हनून ते कमी होनार हायेत का?"

मी कंपनीच्या माणसाला विचारलं, नमुना चारशेचाच आहे, दुसरा नमुना काढून लावता येईल का. तो सौम्यपणे म्हणाला, नियमात बसत नाही. मग कागद भरताना त्याने दिराला विचारलं, मजूर कोण होते.

"ती खाला अन् तिच्या बायका," दीर म्हणाला. "गप्पा मारत काम करत्यात. त्यांनीच घोळ केला असंल."

"नाही," मी म्हणालो. "त्यांची चूक नाही. हिरवे धागे कॉलेजच्या पोरांचे होते. फुलं चुकीची बांधली गेली. ती पद्धत माझी होती."

दीर माझ्याकडे वळला. तो ओरडेल असं मला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "म्हंजी तुम्हाला आधीच मालूम व्हतं?"

"डिसेंबरपासून."

"अन् वहिनीला?"

ताई म्हणाली, "मला बी."

त्याने थोडा वेळ त्या काठ्यांकडे बघितलं. "बरं झालं सांगितलं. खालाला उगं बोललो असतो." मग पाटीवरचा नंबर कागदाशी ताडून त्याने सही केली, कारण कागद त्याच्या नावाने होता. "पन फेल ते फेल. बराबर?"

"बराबर," ताई म्हणाली.

राजूरला न जाता आम्ही उलटी गाडी धरली. पेढ्यांचा डबा तिच्या मांडीवर तसाच होता. गाडीत मी हिशोब केला. करायची गरज नव्हती, पण तो होत गेला. चारशेत तेरा म्हणजे शंभराला सव्वातीन. त्यातला मजुरांचा एक वजा केला तर सव्वादोन. चौसष्ट हजारांचे सव्वादोन टक्के म्हणजे चौदाशे चाळीस फळं. बारा जण, दहा दिवस. माणशी रोज बारा. माझी तीन. मी सगळ्यांना माझ्यासारखं धरलं होतं. शेवटची गाडी पकडणाऱ्या मुलाच्या हातात किती धागे उरत असतील, हे मी रोज समोर बघत होतो आणि गणितात मात्र मी त्याच्या जागी स्वतःला घातलं होतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी न बोलावता त्यांच्या शेतावर गेलो. दीर आणि दोन गडी नेट उतरवत होते. जाळी पाइपाला धरणाऱ्या क्लिपा काढायच्या, जाळी खाली आली की सगळ्यांनी टोकं धरून घडी घालायची, मग पाइप उपटायचे. त्याने मला काही विचारलं नाही. एक टोक हातात दिलं. दुपारपर्यंत आम्ही जाळीच्या चार गुंडाळ्या बांधल्या. मग त्याने क्लिपांची पोती माझ्यापुढे ओतली. "मोजून शंभर-शंभराच्या पुड्या करा. इकायच्या हायेत. तुमच्याशिवाय हे कोन करनार?" त्यात टोमणा होता की नव्हता, मला आजही सांगता येत नाही.

मी बांधावर बसून क्लिपा मोजायला लागलो. समोर दहा गुंठे उघडं ऊन पडलं होतं. दीर खड्ड्यांसाठी काथ्याने ओळी आखत होता. जुन्या सऱ्यांमध्ये मातीत धाग्यांचे तुकडे पडलेले दिसत होते, पांढरे आणि हिरवे.

ताई पाण्याची कळशी घेऊन आली. गड्यांना दिलं, दिराला दिलं, शेवटी मला दिलं.

"सर्टिफिकेट आलं का, काका?"

"आलं परवा. तुमचं?"

"आलं. तुम्हाला प्रॅक्टिकलला किती पडले?"

मी जरा थांबलो. "पन्नासपैकी सत्तेचाळीस."

"मला बेचाळीस." तिने पेला माझ्या हातातून घेतला, उरलेलं पाणी मातीत ओतलं आणि कळशीवर पालथा घातला. "तुमची वही चांगली व्हती."

ती घराकडे निघाली. अर्ध्या वाटेवर वळून म्हणाली, "किती झाल्या?"

मला आकडा आठवेना. मी पुडी उलटी केली आणि पहिल्यापासून मोजायला लागलो.